बाबांच्या टॉवेलची फळी

बाबा बाथरूममध्ये पडले तेव्हा मी त्यांच्यापासून दहा पावलांवर बसलो होतो. कानांवर हेडफोन होते, समोरच्या पडद्यावर सहा माणसं होती आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे चुकतंय हे मी त्यांना समजावून सांगत होतो. पडल्याचा आवाज मला आला नाही. बायकोलाही आला नाही, कारण ती स्वयंपाकघरात मिक्सर चालवत होती.

मीटिंग संपल्यावर मी पाणी प्यायला बाहेर आलो. बाथरूमचं दार अजून बंदच होतं. बाबांची आंघोळ म्हणजे दहा मिनिटांचं काम. मी दारावर टकटक केली.

"बाबा, झालं का?"

"हो, येतो," आतून उत्तर आलं. आवाज नेहमीचाच, जरासा खालचा.

मी पाणी प्यालो आणि परत खोलीत गेलो. ही गोष्ट सांगताना मी इथे अजूनही अडखळतो. मी परत गेलो. एका मेलला उत्तर दिलं. मग मनात काहीतरी टोचलं म्हणून पुन्हा उठलो.

"बाबा?"

"येतो म्हटलं नं."

या वेळी मी दाराशी थांबलो. आत पाणी पडत नव्हतं. बादली सरकत नव्हती. नुसता श्वास ऐकू येत होता आणि तो नको तितका खालून येत होता. मी दाराला खांदा लावला. आमची दारं प्लॅस्टिकची, वारज्याच्या सगळ्या नव्या इमारतींत असतात तशी. तिसऱ्या धक्क्याला आतल्या कडीचे स्क्रू उपटून आले.

बाबा डाव्या कुशीवर, ओल्या फरशीवर पडलेले होते. एक हात अंगाखाली दुमडलेला. दुसरा हात दाराच्या दिशेने लांब केलेला आणि तसाच राहिलेला. डोळे मिटलेले. मी खांद्याला हात लावला तर अंग बर्फासारखं गार.

"बाबा, काय झालं? काहून बोलून नाही रायले तुम्ही?"

वीस वर्षं पुण्यात राहून मी घरात अशी भाषा बोलत नव्हतो. त्या क्षणी तीच तोंडातून निघाली.

त्यांनी डोळे न उघडताच म्हटलं, "टॉवेल दे."

टॉवेल दारामागच्या हुकाला, डोक्याच्या उंचीवर लटकत होता.

डावं मनगट मोडलं होतं. खुबा वाचला होता. डॉक्टर म्हणाले, उठताना एकदम रक्तदाब उतरतो, त्यातून चक्कर. त्यांनी गोळ्या दिल्या, प्लॅस्टर घातलं आणि बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा, बसायला स्टूल ठेवा असं सांगितलं. मी मान हलवत होतो, पण डोक्यात एकच हिशोब चालू होता. साधारण पंचवीस मिनिटं. बाबा पंचवीस मिनिटं तिथे पडून होते, आणि त्यांनी मला दोनदा "येतो" म्हटलं होतं.

आई गेल्यानंतर दोन वर्षांपूर्वी मी त्यांना यवतमाळकडच्या आमच्या गावातून इथे आणलं. ते वीज मंडळात लाइनमन होते. तीस वर्षं खांबांवर चढले. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा जोडीदार खांबावर चिकटून गेला होता. लाइन बंद आहे असं खालून कोणीतरी ओरडून सांगितलं होतं आणि ती बंद नव्हती. त्यामुळे बाबा कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाहीत. घरातला बल्ब बदलायचा असला तरी आधी टेस्टर लावून बघतात.

त्या दिवसानंतर मला आवाजांची भीती वाटू लागली. खरं तर आवाज न येण्याची. हेडफोन मी एकाच कानावर ठेवू लागलो. दहा वाजता बाबा आंघोळीला गेले की दुसरा कान तिकडे. तांब्याचा आवाज आला की श्वास सुटायचा. दोन तांब्यांमध्ये जरा अंतर पडलं की हाताला घाम. मीटिंगमध्ये लोक विचारायचे, "आवाज येतोय ना आमचा?" आणि मी काहीतरी "हो, हो" म्हणायचो.

तुटलेली कडी मी मुद्दाम बसवली नाही. बाबांनी त्यावर उपाय काढला. ते आत गेले की भरलेली बादली दाराला टेकवून ठेवायचे.

"बाबा, बादली कशाला? काही झालं तर मला दार उघडता आलं पाहिजे."

"काही होत नाही," एवढंच म्हणायचे. प्लॅस्टरच्या हाताला पिशवी बांधून, एका हाताने ते ती बादली ढकलत न्यायचे. तो घासण्याचा आवाज ऐकला की मी खुर्चीतून अर्धा उठायचो.

मिस्त्रीकडून प्लॅस्टिकचा दांडा बसवून घेतला, स्टूल आणलं, फरशीवर न घसरणारी चटई टाकली. उरला टॉवेल. ते पडले होते ते दाराकडे टॉवेल घ्यायला वळताना, असं माझ्या मनाने घेतलं होतं. म्हणजे स्टुलाशेजारीच टॉवेल ठेवायची सोय हवी. मी स्टीलचं तयार रॅक मागवणार होतो, पण बाबांनी हात वर केला.

"बाथरूमात लोखंड नको. गिझर हाय तिथं. लाकडाचं कर."

"लाकूड कुजेल बाबा."

"कुजलं तं दुसरं करू. माणूस नाही करता येत."

मग मी स्वतःच करायचं ठरवलं. सुताराला बोलावता आलं असतं. पण हेडफोन लावून बसलेल्या त्या पंचवीस मिनिटांसाठी मला हातांनी काहीतरी करायचं होतं. शनिवारी बोहरी आळीत गेलो. ड्रिलची पाती, लांब स्क्रू, पॉलिश पेपर. दुकानदाराने विचारलं, "लावायचंय कुठे?"

"बाथरूममध्ये. लाकडी फळी."

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "मग स्क्रू कशाला नेताय? रोज पाण्यात भिजवायचीच आहे, तर कागदाची करा आणि डिंकाने चिकटवा." असं म्हणून त्याने न गंजणारे स्क्रू काढून दिले आणि कोणतं पॉलिश किती वेळा मारायचं तेही सांगितलं.

सागवानी पट्ट्या कापून आणल्या. पाणी निथळावं म्हणून दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवली. गॅलरीत बसून मी घासायचो आणि बाबा खुर्चीवर बसून बघायचे. मधून मधून चांगल्या हाताचा अंगठा कडेवरून फिरवायचे.

"इथं लागून रायलं अजून."

मी पुन्हा घासायचो. मला त्या कडांचीच भीती होती. पडता पडता डोकं कोपऱ्यावर आपटलं तर? ते चित्र मला इतकं स्पष्ट दिसायचं की मी चारही कोपरे अर्धगोल केले, मग त्याहून गोल केले.

भोकं पाडायचा दिवस आला. टाइल्सच्या मागे वायरी कुठून गेल्यात, नळ कुठून गेलेत, मला काही माहीत नव्हतं. मी मेन स्विच बंद करायला गेलो तर बाबा म्हणाले, "मग तुझं मशीन काय हवेवर चालणार?" गिझरचा स्विच तेवढा पाडला आणि ड्रिलसाठी हॉलमधून वायर ओढून आणली. बाबांनी टेस्टर घेऊन गिझरची पिन स्वतः तपासली. दोनदा.

"बटणाच्या सरळ रेषेत वर-खाली हात लावू नको. वायर सरळच नेतात लोक. पायात चपला घाल. आन् हात कोरडे कर."

माझे हात कोरडे होत नव्हते. ड्रिल टाइलवर टेकवलं तर पातं घसरलं आणि पांढरा ओरखडा उठला. बाबा दारात उभे. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि लक्षात आलं की ते भिंतीकडे बघतच नव्हते. ते माझ्या हाताकडे बघत होते, खांबावर चढलेल्या माणसाकडे खालून बघावं तसे. चार भोकं पडेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

फळी छातीच्या उंचीवर बसली. छान दिसत होती. बाबांनी दोन्ही बाजूंनी हलवून पाहिली. "मजबूत झाली," म्हणाले. बायकोने त्यावर घडी घातलेला टॉवेल ठेवला.

तिसऱ्या दिवशी बाबांच्या आंघोळीनंतर मी आत गेलो तेव्हा फळीवरचा टॉवेल तसाच, कोरडा, घडी न मोडलेला होता. खाली कोपऱ्यात, स्टुलाच्या मागे, फरशीवर एक प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्यात बाबांचा जुना पंचा.

मला रागच आला. एवढं करून हे. मी पिशवी घेऊन त्यांच्यासमोर गेलो.

"बाबा, फळी कशासाठी केली आपण? पुन्हा खाली वाकायचं, पुन्हा चक्कर यायची!"

ते खिडकीशी बसले होते. आधी त्यांनी पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पडल्यावर तिथं हात पोचत नाही."

"पडायचंच नाही ना आता. म्हणून तर—"

"त्या दिवशी नाही पोचला," ते म्हणाले. "लय केलं मी. सरकत सरकत दारापाशी यायला पाह्यलं. हात उचलल्या जात नव्हता."

"मग मला हाक का नाही मारली? मी दोनदा विचारलं. तुम्ही येतो म्हणालात."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "सूनबाई घरात होती."

मला आधी कळलंच नाही.

"मी ओरडलो असतो तं ती पहिले धावली असती. तू तं कानात घालून बसतो. तिनं मले तसं पाह्यलं असतं." त्यांनी प्लॅस्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. "मरणाचं भेव नाही वाटलं मले. खांबावर रोजच होतं ते. पण तसं पडून सापडायचं, त्याचं भेव वाटलं. म्हटलं, टॉवेल मिळू दे, मग हाक मारतो."

मी पिशवी हातात घेऊन उभा होतो. म्हणजे तो माणूस पंचवीस मिनिटं गार फरशीवर, मोडलेल्या हातावर पडून, एका टॉवेलसाठी थांबला होता. आणि पुढच्या वेळीही थांबणार होता. बादली त्यासाठीच होती. मी बसवलेला दांडा, चटई, फळी, यातलं काहीच त्यांच्या भीतीच्या कामाचं नव्हतं.

बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. हात थांबले.

"मी तुझ्या मागेच होते त्या दिवशी," ती म्हणाली. "दार उघडलं, मी दिसले आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मी लगेच मागे फिरले. मला वाटलं दुखतंय म्हणून मिटले असतील."

दुसऱ्या दिवशी मी बाबांना म्हटलं, "फळी खाली घेतो. किती खाली, ते तुम्ही सांगा."

त्यांनी थोडा विचार केला. मग उठले, बाथरूममध्ये गेले, दांड्याला धरून स्टुलावर बसले आणि तिथून हळूहळू फरशीवर उतरले. फरशी कोरडी होती, अंगात बंडी-पायजमा होता, तरी मी पुढे सरसावलो. "बाबा, नका!"

"मोजायचं नाही का?" ते म्हणाले आणि डाव्या कुशीवर आडवे झाले. अगदी तसेच. प्लॅस्टरचा हात तेवढा पोटावर घेतला आणि उजवा भिंतीकडे लांब केला.

मी पेन्सिल घेऊन गुडघ्यांवर बसलो. त्यांची बोटं टाइलवरून वर चढत होती आणि एका जागी थांबली. फरशीपासून एक वीत आणि वर चार बोटं. "इथपर्यंत," ते म्हणाले. मी पेन्सिल टाइलवर टेकवली. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि मला एकदम वाटलं, हे आता उघडणारच नाहीत, मोजमाप म्हणून सुरू झालेलं हे खरंच होऊन बसेल आणि मी इथे पेन्सिल घेऊन असेन.

"केली का खूण?"

"केली."

"मग उचल मले. का इथंच ठेवतो?"

मी त्यांना काखेत धरून उठवलं. ते हलके झाले होते, माझ्या अंदाजापेक्षा पुष्कळच.

आता नवी भीती. इतक्या खाली वायर नव्हती, पण पाण्याची लाइन होती. सोसायटीच्या प्लंबरला बोलावलं. तो भिंतीवर बोटांनी ठोकत म्हणाला, "नळ इथं, म्हणजे लाइन अशी गेली असणार. नाहीतर तशी. बिल्डरला विचारा, सापडला तर."

त्याच्या अंदाजाने जागा एका बाजूला घेतली. ड्रिल सुरू केलं. आधी पांढरी भुकटी, मग विटेची लाल. आणि मग भुकटी बाहेर येईनाशी झाली. पात्याला चिखल लागला होता. मी ड्रिल थांबवलं. भोकात बोट घातलं तर ओलं. माझ्या डोळ्यांसमोर फुटलेला पाइप, खालच्या घराचं गळणारं छत, उकरलेली भिंत आणि महिनाभर बंद पडलेलं बाथरूम उभं राहिलं. त्याहून वाईट म्हणजे बाबांना परत गावी जायचं निमित्त. ते आठवड्यातून एकदा म्हणतच असत की तिकडे आपली न्हाणी मोकळी होती.

प्लंबर वाकला, भोकाचा वास घेतल्यासारखं केलं आणि म्हणाला, "ही नुसती ओल आहे. टाइलच्या फटीतून मुरलेली. लाइनला लागलं असतं ना साहेब, तर आत्तापर्यंत तुमची आंघोळ झाली असती."

मी फरशीवरच बसलो. हसूही येईना.

ती फट बुजवली, ओल वाळायला चार दिवस दिले आणि दोन इंच सरकून नवी भोकं पाडली. फळी आता दार आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात, फरशीच्या जरा वर बसली. अशी फळी मी कुणाच्याही घरी पाहिलेली नाही. येणाऱ्या पाहुण्याला ती बूट ठेवायची वाटते. बायकोने जाड टॉवेल काढून टाकला. भिजला की तो एका हाताने ओढवत नाही, म्हणाली. तिने मोठे सुती पंचे आणले आणि अशी घडी घालायला शिकली की टोक ओढलं तर सगळा पंचा एकदम सुटतो. बाबांसमोर तिने हे काही बोलून दाखवलं नाही. नुसता ठेवून आली.

त्या दिवसापासून बादली दाराला लागली नाही.

प्लॅस्टर निघालं. दोन-अडीच महिने बरे गेले आणि एका सकाळी तो आवाज मला आला. धप्प. एकच. मी हेडफोन ओढून फेकले आणि धावलो. मागून गॅस बंद केल्याचा आवाज, बायको धावत आली. मी दाराला हात लावला.

"थांब," आतून बाबा म्हणाले.

माझा हात दारावर. दार नुसतं लोटलेलं. ढकललं असतं तर उघडलं असतं. आत काय झालंय, रक्त आहे का, पुन्हा हाड मोडलंय का, काही माहीत नाही आणि मी उभा. कापड ओढल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग धाप. मला वाटतं अर्धा मिनिट गेलं असेल. त्या पंचवीस मिनिटांपेक्षा ते मला जास्त लांब गेलं, कारण हे मी बाहेर उभं राहून काढलं. बायकोने माझं मनगट पकडलं होतं, मी दार ढकलू नये म्हणून, की तिला आधार हवा म्हणून, मी विचारलं नाही.

"ये आता," बाबा म्हणाले. आणि मग, "सूनबाईलेही घेऊन ये. तुया एकट्यानं नाही उचलल्या जाणार मी."

ते भिंतीला पाठ लावून बसले होते. पंचा कमरेपासून पायांपर्यंत नीट पसरलेला. भुवईवर खोक पडली होती आणि रक्त गालावर आलं होतं, पण डोळे उघडे होते. बायकोने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. "हळू बाबा, घाई नाही," ती म्हणत होती. त्यांनी तिच्या खांद्यावर पूर्ण भार टाकला. पलंगावर बसवल्यावर मी त्यांच्या भुवईवर रुमाल दाबून धरला.

चार टाके पडले. गोळी बदलली. नव्या गोळीवर अजून तरी ते पडलेले नाहीत. फळीच्या खालच्या पट्टीला काळसर डाग आलाय. ती बदलायला हवी.

दहा वाजले की मी काहीतरी निमित्त काढून बाथरूमबाहेरच्या बोळात जातो. कधी चार्जर शोधतो, कधी कपाटातले कागद उगाच चाळतो. तांब्याचे आवाज मोजतो. परवा आतून बाबांनी विचारलं, "गेला का ऑफिसात?" माझी खोली म्हणजे त्यांच्या भाषेत ऑफिस.

"हो," मी दाराबाहेरूनच म्हटलं.

आत थोडा वेळ शांतता. मग पाण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.